मे महिन्यातली बाग आणि तुमची पत्रं

शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत पश्चिम नागपुरातल्या एका सार्वजनिक बागेत पहाटे मुलांचा निसर्गवर्ग घेते. त्याबद्दल मागच्या अंकात दोन ओळी आल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण बहुतेकांच्या मनात जे आहे ते या पाच पत्रांत आलं आहे.

बाई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. सुट्टीतली शिबिरं पाहिली तर सगळी एसी हॉलमध्ये आणि फीही भरमसाट. बागेतला वर्ग मनात भरला, पण सासूबाई म्हणतात, नागपूरच्या मे महिन्यात पोराला उघड्यावर पाठवलं तर ऊन लागेल. शिवाय सगळं वाळलेलं असताना तिथे बघण्यासारखं काय असतं?
— एक आई, मनीषनगर

सासूबाईंची काळजी अगदी रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. सुरुवातीच्या वर्षी माझ्या हातून चूक झाली होती. मुलं रमली म्हणून मी वर्ग साडेनऊपर्यंत लांबवला आणि एक मुलगी चक्कर येऊन बसली. सावलीत निजवून, ओल्या कापडानं अंग पुसून ती पंधरा मिनिटांत सावरली, पण तिचा लालबुंद चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आमचा वर्ग साडेपाचला, उजाडता उजाडता सुरू होतो आणि साडेसातला संपतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते फार तापलेले नऊ दिवस, लागला की सातलाच. मुलं कितीही मागे लागली तरी वेळ वाढत नाही.

घरून निघताना मुलाला रिकाम्या पोटी पाठवू नका. थोडे पोहे किंवा एखादं केळ खाल्लेलं असावं. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला दुपट्टा किंवा टोपी आणि पाण्याची स्वतःची बाटली. मी बरोबर मीठ-साखरेचं पाणी ठेवते: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरी आल्यावर कैरीचं पन्हं द्या, आनंदानं द्या. मात्र मूल बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, उलट्या थांबेनात, तर पन्हं आणि कांद्यावर वेळ घालवू नका. अंगावर पाणी ओतत 108 ला फोन करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला फार आवडला. सगळं वाळलेलं असतं असं आपल्याला वाटतं, कारण आपण बाहेर पडतो दहा वाजता. पहाटे बघा. बहावा याच दिवसांत पिवळ्या घोसांनी लगडतो. तामण जांभळी झालेली असते, आणि ते आपलं राज्यफूल आहे हे बरोबर आलेल्या आईवडिलांनाही माहीत नसतं. गुलमोहराचं एक फूल मुलाच्या हातात द्या आणि पाकळ्या बघायला सांगा. चार लाल, पाचवी वेगळी, पांढरट ठिपक्यांची. हे झाड मूळचं मादागास्करचं आहे हे त्यानंतर सांगा, आधी नाही. मुलानं पाचवी पाकळी स्वतः शोधली की मादागास्कर त्याच्या लक्षात राहतं.

उंबर पिकलेला असेल तर एक फळ उघडून दाखवते. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटात शेकडो बारीक फुलं दडलेली असतात आणि इवल्याशा कीटकावाचून त्यांचं परागीभवन होत नाही. उंबरातले किडेमकोडे उंबरातच नांदतात असं आपण किती सहज म्हणून जातो. ती म्हण डोळ्यांसमोर उलगडताना मुलं जी गप्प होतात, ती शांतता मला एसी हॉलमध्ये कधी मिळाली नाही.

आणि पानगळीचा एक मोठा फायदा असतो, घरटी दिसतात. पावसाळ्यात हिरव्या पानांत हरवणारी कावळ्याची काटक्यांची गादी मे महिन्यात उघडी पडलेली असते. तांबट टुक टुक टुक करत असतो. तो दिसला तर त्याच्या चोचीकडे बघायला सांगा. आवाज चालू असताना चोच बंद असते, फक्त गळा फुगतो. आमच्या वर्गातल्या एका मुलानं हे तीन दिवस तपासलं, तेव्हा कुठे माझ्यावर विश्वास ठेवला. मला असा अविश्वास हवाच असतो.

तेव्हा सासूबाईंनाही एक दिवस घेऊन या. त्यांना ठाऊक असलेली झाडांची नावं माझ्याही कामी येतील.

ताई, पुण्याहून नातवंडं आली आहेत. दिवसभर मोबाईल. महाराजबाग दाखवून झाली. आता गोरेवाडा की अंबाझरी, कुठे न्यावं?
— एक आजोबा, महाल

भाऊ, गोरेवाड्याचं प्राणिउद्यान जरूर दाखवा, पण ते एका दिवसात संपेल. महाराजबागेतही परत जा, यावेळी पिंजऱ्यांकडे पाठ करून. भोसल्यांच्या काळातली ही बाग, आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. तिथल्या जुन्या झाडांखाली फक्त वर बघत अर्धा तास बसा. आपल्या शहरात राखी धनेश आहे. करड्या रंगाचा, मोठ्या बाकदार चोचीचा, उडताना खाली-वर झोके घेणारा. या दिवसांत मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक चीर ठेवते. नर त्या चिरेतून तिला वड-पिंपळाची फळं भरवतो. एखाद्या खोडाजवळ नर पुन्हा पुन्हा येताना दिसला तर लांबच थांबा, फोटोसाठी जवळ जाऊ नका. तो बिचकून थांबला तर आत उपास घडतो. ढोली जुन्याच झाडाला असते, त्यामुळे म्हातारं झाड तोडलं की या पक्ष्याचं घर जातं. हे नातवंडांना तुम्हीच सांगा, माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून त्यांना ते जास्त पटेल.

मोबाईल हिसकावू नका. पहाटेचा पक्ष्यांचा आवाज त्यावर टिपायला सांगा आणि घरी आल्यावर एकत्र ऐका.

मॅडम, आमच्या वस्तीतल्या बागेत आम्ही पाच-सहा जण मुलांसाठी आठवडाभराचा निसर्ग उपक्रम सुरू करू पाहतोय. आमच्यापैकी कोणीच जाणकार नाही. जमेल का?
— एक तरुण, प्रतापनगर

जमेल. जाणकार नसणं ही अडचण नाही, बेफिकीर असणं ही आहे. एका मोठ्या माणसामागे आठ-दहापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. आदल्या दिवशी स्वतः बाग पायाखाली घाला. मोहोळ कुठे आहे, उघडा चेंबर कुठे आहे, पाण्याचा नळ चालू आहे का, ते बघून ठेवा. बागेचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना आधी भेटा आणि माळीदादांना पहिल्याच दिवशी मुलांसमोर बोलवा. माझ्या वर्गातली निम्मी माहिती आमच्या माळीदादांची असते.

एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगते. आपल्याकडच्या बागांत बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची झाडं पुष्कळ असतात आणि पोरं तिच्या बियांनी खेळतात. माझ्या लहानपणी आम्हीही खेळलो. ती बी पोटात गेली तर हृदयावर परिणाम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिल्या सकाळी पहिलं झाड बिट्टीचं दाखवा, आणि बागेत न विचारता काही तोंडात घालायचं नाही हा नियम तिथेच उभं राहून सांगा.

बाकी सात दिवसांसाठी सात विषय शोधू नका, ही माझी आग्रहाची विनंती. प्रत्येक मुलाला एक झाड द्या आणि सातही दिवस तेच झाड. वही, पेन्सिल, बस्स. आज खाली काय पडलं, कोण येऊन बसलं, मुंग्या कुठून कुठे गेल्या. चौथ्या दिवशी मुलं कंटाळतात, तेव्हा घाबरू नका. पाचव्या दिवसापासून ती खरोखर बघायला लागतात. आंब्याचं झाड मिळालेल्या मुलाला पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या भेटतील. मोकळ्या माळाशेजारचं झाड मिळालेल्याला टिटवी. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ऊन चढलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंडी गार ठेवते. टिटवीच्या ओरडण्याला अपशकुन म्हणणाऱ्या घरातल्या मुलानं हे एकदा पाहिलं की तो घरच्यांशी वाद घालतो. घालू द्या.

एका सकाळी मुलांना पेव्हर ब्लॉकवर तळवा ठेवायला सांगा आणि मग कडुनिंबाखालच्या मातीवर. पानं बाष्प सोडतात, त्यानं हवा गार होते, हे पुस्तकात आहेच, पण तळव्याला कळलेलं पुसलं जात नाही. त्याच दिवशी बुंध्यापर्यंत सिमेंट लिंपलेली किती झाडं आहेत ती मोजून घ्या. मुळांना पाणी आणि हवा कुठून मिळणार, हा प्रश्न मुलंच विचारतील. तो आकडा तुमच्या नगरसेवकाला मुलांच्या अक्षरात द्या.

गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, पण पक्षी येतच नाहीत.
— धंतोली

भांडं खोल असेल. मातीचं पसरट परळ घ्या, दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. सावलीत ठेवा, पण मांजर दबा धरेल अशा कुंड्यांमागे नको. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल. आणि आठवडाभर धीर धरा.

आजी, मी सहावीत आहे. आमच्या घरामागे कोकिळा गाते. काल तिथे एक ठिपक्या-ठिपक्यांचा पक्षी बसला होता. बाबा म्हणाले ती पण कोकिळाच. मग खरी कोणती?
— एक मुलगी, रेशीमबाग

बाबा बरोबर सांगतात. तू जिचं गाणं ऐकतेस तो खरं म्हणजे नर आहे, कोकीळ. काळाभोर, लाल डोळ्यांचा. ठिपक्यांची ती मादी. ती कुहू करत नाही, किक किक किक असा घाईघाईचा आवाज काढते. ती घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, म्हणून तुमच्या घरामागे कावळ्याचं घरटं आहे का ते आधी शोध. सापडलं तर खालूनच बघ, झाडावर चढू नकोस, कावळे डोक्यावर टोची मारतात. रोज सकाळी सहा वाजता दहा मिनिटं बस आणि कोण आलं, कोणी कोणाला हाकललं ते लिहून ठेव. जूनमध्ये कावळ्याच्या मागे मागे खाऊ मागत फिरणारं एखादं पिल्लू दिसेल. ते कावळ्याचं आहे की कोकिळेचं, हे तू मला कळव. त्या पत्राची मी वाट बघते आहे.