ठाण्यात फ्लॅटमध्ये राहून शिडाची लाकडी होडी घरी बांधता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला चौथ्या मजल्यावर राहता, सुतारकामाची हौस आहे, जिगसॉ-सँडर घरात आहे. प्रश्न एवढाच की नवी बांधावी की जुनी आणून दुरुस्त करावी, फर्निचरचा प्लाय चालेल का आणि काम गच्चीवर करावं का. मी ऐरोलीला आमच्या रो हाऊसपुढे सात-साडेसात फुटांची एक बांधली आहे, तेव्हा थोडं ठामपणे बोलतो.

जुनीच्या नादी लागू नका. कोळीवाड्यातून फळ्यांची होडी स्वस्तात मिळते असं कोणीतरी सांगतंच. पण ती होडी पाण्यात राहण्यासाठी बांधलेली असते. फळ्या भिजून फुगतात म्हणून सांधे घट्ट बसतात. तीच होडी तुम्ही एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर टाकलीत तर फळ्या आकसणार आणि फटींतून पलीकडचं दिसणार. एखाद्या क्लबातून काढून टाकलेली प्लायची डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी, मिळत असेल तर गोष्ट वेगळी. एक दाभण घेऊन जा. मागची उभी फळी, म्हणजे जिथे सुकाणू अडकतं ती, आणि होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून पाणफळी खाली सोडायची जी पेटी असते तिच्या बुडाचा सांधा, या दोन ठिकाणी दाभण टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर नमस्कार करून परत या. तिथला प्लाय बदलायचा म्हणजे अर्धी होडी उघडायची, आणि तेवढ्या मेहनतीत नवी होते.

नवी बांधायला घाबरण्यासारखं काही नाही, कारण या आकाराच्या होड्या मुळात घरगुती कारागिरांसाठीच आखल्या गेल्या. ऑप्टिमिस्ट ही मुलांची डिंगी क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात आखली. लांबी २.३ मीटर, म्हणजे आठ फुटांच्या प्लायच्या शीटमध्ये बसेल एवढीच. १९६२ ची मिरर डिंगी जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची. तिने 'स्टिच अँड ग्लू' पद्धत घरोघरी नेली. प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, आतून सांध्यावर इपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट्याची) पुट्टी भरायची, वरून फायबरग्लासची पट्टी बसवायची आणि तारा काढून टाकायच्या. आतला सांगाडा जवळपास नाहीच. ज्याला कपाटाचं शटर सरळ बसवता येतं त्याला हे जमतं. तुमचं वजन प्रौढ माणसाचं असेल तर ऑप्टिमिस्ट अपुरी पडेल, आठ फुटांची रुंद प्रॅम, म्हणजे पुढचं टोक चपटं असलेली होडी, निवडा.

प्लाय आणण्याआधी मात्र जिना मोजा. ऑप्टिमिस्ट १.१३ मीटर रुंद आहे आणि शीड-डोलकाठीशिवाय नुसती होडी ३५ किलोची. कुशीवर केली की दारातून सहज निघते, लिफ्टचं नाव काढू नका, आणि जिन्यात खरी परीक्षा वळणावरच्या चौकात होते. तिथे ती उभी करून फिरवावी लागते, आणि वरचा बीम नेमका आड येतो. होडीच्या लांबी-रुंदी-उंचीचा एक पोकळ खोका बांबूच्या काठ्या आणि सुतळीने बांधा आणि दोघांनी धरून गच्चीपासून गेटपर्यंत उतरवून बघा. शेजारी हसतील, हसू देत. खोका अडकला तर एक तर लहान नमुना घ्या, नाही तर मधोमध बोल्टने जोडायची दोन तुकड्यांची होडी असते ती घ्या. जमत असेल तर सोसायटीला विनंती करून स्टिल्ट पार्किंगचा कोपरा मिळवा. गच्चीपेक्षा तो कधीही चांगला: सावली असते आणि जिन्याचा प्रश्नच मिटतो. सँडिंगची धूळ गाड्यांवर बसते, तेव्हा सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा.

प्लायचं उत्तर छोटं आहे. आयएस (भारतीय मानक) ३०३ चा कमर्शियल प्लाय नको, आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लायच घ्या. या मानकात प्लाय ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत अशी अट आहे. शिक्का छापायला काही लागत नाही, म्हणून दुकानदाराकडून हातभर कापटी मागून घ्या आणि जुन्या पातेल्यात दिवसभर उकळा. कडा नीट बघा. मधल्या थरात पोकळी दिसली तर ती शीट फर्निचरला ठीक, होडीला नाही. आपल्याकडचा गर्जनचा मरीन प्लाय जड असतो, ६ मिमीची आठ बाय चारची शीट साधारण १२-१३ किलो भरते. त्यामुळे परदेशी प्लॅनमध्ये लिहिलेल्या वजनापेक्षा तुमची होडी जड होणार. जाडी वाढवून 'मजबूत' करायचा मोह टाळा.

आता इपॉक्सी, कारण ठाण्याच्या हवेत काम बिघडतं ते इथेच. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत फायबरचं काम करणारे भरपूर आहेत आणि मदतही करतात, पण त्यांचा हात पॉलिएस्टर रेझिनवर बसलेला असतो. तिथे घाई असेल तर हार्डनरचे चार थेंब जास्त टाकायची पद्धत आहे. इपॉक्सीत ते चालत नाही. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांत जुळतात; जास्त टाकलेला हार्डनर तसाच राहतो आणि सांधा कायमचा चिकट, मऊ. दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून मिसळा. तसंच त्यांच्याकडची चॉप मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चादर, तीही नको. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मग मॅट नीट भिजत नाही. विणलेली टेपच मागा.

मे महिन्यात उभट डब्यात इपॉक्सी मिसळून ठेवलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेने भडकतं, डबा हातात धरवत नाही, धूर निघतो. थोडं मिसळा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, स्लो हार्डनर वापरा. पावसाळ्यात दमटपणामुळे वर मेणचट थर येतो. तो सँडपेपरने घासला तर आतच रगडला जातो. आधी पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, मग घासा. आणि कोऱ्या लाकडावर पहिला हात सकाळी देऊ नका. ऊन चढत जातं तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या थरात बुडबुडे उठतात. दुपार उतरल्यावर, लाकूड निवायला लागलं की लावा, म्हणजे उलट ते रेझिन आत ओढून घेतं. दव पडायच्या आत वर ताडपत्री ताणा. दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात सोयीचा. शेवटी रंग हवाच, उन्हात उघडं इपॉक्सी टिकत नाही.

बाकीचं पटकन. डोलकाठीला मांडववाल्यांकडचा सरळ, पक्व बांबू उत्तम. पहिलं शीड ताडपत्रीचं शिवा, जमलं तर मग खरं कापड. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. नागदेवी स्ट्रीटला मिळतात. पितळेचे नकोत, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं. सागाची पट्टी चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा, तेलकट असते. पुढे-मागे हवाबंद कप्पे ठेवाच, आणि पहिल्याच दिवशी किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून ती तरंगते का, तुम्हाला सरळ करता येते का, हे बघा. लाइफ जॅकेट घालून.

कुठे चालवायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते प्लाय घेण्याआधी ठरवा. उपवन किंवा मासुंदा तलावात महापालिकेच्या परवानगीशिवाय स्वतःची होडी टाकता येणार नाही. ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला; तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. इतर ठिकाणी जेट्टीवर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या माणसाला गाठून नियम समजून घ्या. खाडीत ओहोटीला फक्त गाळ उरतो आणि उतरतं पाणी पुलाच्या खांबांपाशी जोरात ओढतं, म्हणून भरती कधी ते तोंडपाठ हवं. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मुंबई बंदरापेक्षा खाडीच्या आतल्या टोकाला ती थोडी उशिराच पोचते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण शिकाऊ माणसाने टाळावं, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी शांत असतं. वारा दुपारी समुद्राकडून येतो आणि संध्याकाळी पडतो, तेव्हा वल्ही सोबत असू द्या.