वर्डप्रेसचा डेटाबेस डॉकर कंटेनरमध्ये ठेवणं धोक्याचं आहे का?

तुम्ही विचारलंय की ब्लॉगचं वर्डप्रेस डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा चालवायच्या डब्यात चालतंय, पण मायएसक्यूएल, म्हणजे ब्लॉगचा मजकूर साठवणारा डेटाबेस, कंटेनरमध्ये टाकू नका असं सगळे बजावतात, ते खरं का? आणि १ जीबी रॅम पुरेल का?

खरं नाही. बिनधास्त टाका. 'कंटेनर उडाला की डेटा उडाला' असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटलेत, आणि त्यांच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली फाइल) व्हॉल्यूमची, म्हणजे कंटेनरबाहेर डेटा ठेवायच्या जागेची, ओळच नव्हती.

लालबागमधल्या एका वाचनालयाचा ब्लॉग आहे. गिरणीत काम केलेल्यांच्या आठवणी त्यावर आहेत, माझ्या बाबांच्याही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तिथपासून घर कसं चाललं, कोण गावाला निघून गेलं, वाण्याने उधारी कधी बंद केली, असं ते सांगायचे आणि मी थेट ब्लॉगवरच टाइप करायचे. वहीत वगैरे काही नाही. बाबा आता नाहीत.

साइट सांभाळायचं काम बाहेरच्या एका गृहस्थांकडे होतं. त्यांनी अपडेटसाठी 'डाउन' केलं (कंटेनर बंद करून काढून टाकले), मग 'अप' केलं (नव्याने बनवून चालू केले), आणि ब्लॉगच्या जागी वर्डप्रेसचं भाषा निवडायचं पान आलं. म्हणजे कोरी साइट. वाचनालयाच्या काकांना त्यांनी सांगून टाकलं, "डेटा गेला. डेटाबेस कंटेनरमध्ये नको असं मी आधीच म्हणत होतो." वर डिस्क भरत आलीय म्हणून प्रून मारून, म्हणजे वापरात नसलेलं पुसायची डॉकरची आज्ञा देऊन, साफसफाई करतो म्हणाले. काकांनी मला फोन केला. मी त्यांना आधी सांगितलं, त्यांना म्हणावं कशालाही हात लावू नका, मी येतेय.

डेटा कुठेही गेला नव्हता. मायएसक्यूएलच्या अधिकृत इमेजमध्येच (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) डेटाच्या फोल्डरसाठी व्हॉल्यूम जाहीर केलेलं असतं. तुम्ही नाव दिलं नाही तर डॉकर स्वतःच एक निनावी व्हॉल्यूम बनवतो. 'डाउन' केल्यावर कंटेनर जातो, ते व्हॉल्यूम राहतं. पण पुढच्या 'अप'ला ते आपोआप जोडलं जात नाही, नवं कोरं बनतं. नुसतं 'अप' करून कंटेनर बदलला असता तर कंपोजने जुनंच जोडलं असतं, आणि कोणाला काही कळलंही नसतं. व्हॉल्यूमांवर चालवलेला प्रून मात्र नेमकी अशी बेवारस निनावी व्हॉल्यूमं पुसतो. साफसफाई झाली असती तर खरंच सगळं गेलं असतं.

व्हॉल्यूमांची यादी काढली तर ६४ अक्षरी अगम्य नावांची रांग. एकेकाच्या आत डोकावत गेले. एकात मायएसक्यूएलची आयबीडेटा१ ही फाइल आणि शेजारी ब्लॉगच्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर. फोटो दुसऱ्या एकात, अपलोड्समध्ये. दोन्हींची प्रत नाव दिलेल्या नव्या व्हॉल्यूममध्ये घेतली आणि मायएसक्यूएलची तीच आवृत्ती चालू केली. ते गृहस्थ तेवढ्यात कंपोज फाइलमध्ये नवा पासवर्ड टाकून बसले होते, तो चालेना. चालणार कसा? तो फक्त डेटाचं फोल्डर रिकामं असताना पहिल्यांदा लागू होतो, नंतर आतला जुनाच खरा. जुना दिला, आणि बाबांचं पान उघडलं.

तेव्हा डेटाबेसला आणि वर्डप्रेसच्या फोल्डरला, दोघांनाही नाव दिलेलं व्हॉल्यूम द्या. इमेजला 'लेटेस्ट' लावू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. मायएसक्यूएल एकदा पुढच्या मोठ्या आवृत्तीवर गेलं की त्याच डेटावर मागची चालवता येत नाही. मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट बाहेर उघडू नका, वर्डप्रेसला कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव पुरतं. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल अडवत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

१ जीबीत लहान ब्लॉग चालतो, पण स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) द्या आणि मायएसक्यूएलचं परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःच्या कामाची मोजदाद ठेवणारा भाग) बंद करा. कंटेनर १३७ कोड देऊन मरत असेल तर बहुधा रॅम संपतेय.

हो, व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे, हे आधीच सांगायला हवं होतं. 'डाउन'ला '-व्ही' जोडलंत तर नाव दिलेलंही पुसलं जातं. रोज मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची एका फाइलमधली प्रत) काढा, दुसऱ्या मशीनवर ठेवा, आणि अधूनमधून तो रिकाम्या कंटेनरमध्ये भरून मराठी मजकूर नीट येतोय ना ते बघा, नाहीतर ऐन वेळी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. खूप मोठी, सतत गर्दीची साइट असेल तर डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर ठेवण्यात अर्थ आहे. ब्लॉगला त्याची गरज नाही.

आणि तुमचंही काम बाहेरचं कोणी करत असेल तर आजच त्यांना कंपोज फाइल उघडून डेटाबेसखालची व्हॉल्यूमची ओळ दाखवायला सांगा. ती नसेल, तर उद्या 'मी आधीच म्हणत होतो' हे अजिबात ऐकून घेऊ नका.