नवा पिस्टन टाकलाय, आता रनिंग-इन (नवे भाग नीट बसेपर्यंत इंजिन सांभाळून चालवणं) कसं करू?

प्रश्न: माझ्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकला नवा पिस्टन, रिंग टाकलेत, सिलिंडरही नवीन प्लेटिंग करून घेतलाय. कुणी म्हणतं टाकीभर पेट्रोल हळूच चालव, कुणी म्हणतं पहिल्यापासून थ्रॉटल पिळ. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त टाकू का?

उत्तर: दोन्ही टोकं सोडा राव. आधी नुसतं स्टार्ट करायचं, थ्रॉटल हलका वरखाली करत राहायचा, रेडिएटर हाताला चांगला कोमट लागला की बंद, आणि मग इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, अर्धवट नाही हं, असं दोन-तीनदा करा. पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो, म्हणून गार इंजिन पिळलं की चारही बाजूंनी घासून जाम होतं. मग गार असतानाच हेडचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) परत तपासा, हे बरेच जण विसरतात. नंतर अर्ध्या थ्रॉटलवर फिरवा, पण एकाच स्पीडला धरून ठेवू नका, लोड आल्याशिवाय रिंग सिलिंडरला नीट बसत नाहीत.

ऑइल मात्र कंपनीने सांगितलंय तेवढंच. ३२:१ (३२ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) असेल तर ५ लिटरला साधारण १५६ मिली. जास्त ओतलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल कमी जातं, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.