आधी दिसा, मग हात लावा

स्पर्श आणि देहबोली या विषयावर पुण्यातून आलेल्या चार पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, स्मृतिभ्रंश आहे. एरवी शांत असतात, पण आंघोळीसाठी उठवायला दंडाला धरलं की किंचाळतात, मारतात. मी आणि सांभाळायला येणाऱ्या मावशी, दोघी मिळूनही आवरत नाहीत. काय चुकतंय? (एरंडवणे)

उत्तर : दोघी मिळून धरता, निम्मी चूक तिथेच आहे. या आजारात बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि जे दिसतं त्याचा अर्थ लागायलाही वेळ जातो. बाजूने आलेला हात त्यांना अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो. त्यात दोन्हीकडून धरलं आणि दोघी एकदम बोलायला लागल्या, की कुणीतरी ओढून नेतंय असंच त्यांना वाटणार. किंचाळणं हा त्यांचा नकार आहे, हट्ट नव्हे.

एकीनेच जा. समोरून या, पाच-सहा फुटांवर थांबून नेहमीची हाक मारा. नजर मिळाली की जवळ जा, पण पुढ्यात उभ्या राहू नका; किंचित बाजूला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. तळहात वर करून हात पुढे करा आणि दहा सेकंद तरी थांबा. बहुतेकदा त्या आपणहून हात ठेवतील. नाही ठेवला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा या, आंघोळ कुठे पळून जात नाही. ठेवला तर तुमचा हात त्यांच्या हाताखालीच राहू द्या, वरून मूठ आवळू नका. दंड ओढून उठवणं तर बंदच करा. खांदा दुखावतो, शिवाय या वयाच्या पातळ कातडीवर निळे डाग पडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर फारच पटकन.

उठवण्याआधी कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या बाहेरच्या बाजूने सावकाश हात फिरवा. सावकाश म्हणजे सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्या अंतराला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. करून पाहा, आपण सगळेच याच्या कितीतरी पट घाई करतो. लव असलेल्या त्वचेत काही बारीक मज्जातंतू असतात. ते याच संथ गतीला आणि अंगाइतक्याच कोमट हाताला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, आणि कुरवाळण्यातलं सुख मेंदूपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. भांडी घासून तसाच लावलेला गार, ओला हात त्यांच्या उपयोगाचा नाही.

सोलरचं पाणी आधी गार येतं आणि मग एकदम कढत, त्यामुळे नळाखाली बसवू नका. बादलीत काढा, ढवळा, कोपर बुडवून पाहा. पहिला तांब्या पायांवर घाला, डोक्यावर नको. खांद्यावर पंचा राहू द्या आणि त्याखालून अंग धुवा. आठवणी गेल्या तरी लाज जात नाही. एका ठरावीक जागी हात लागला की ओरडत असतील तर तिथे दुखतंय का ते बघा. चिडचिड दोन-चार दिवसांत एकाएकी वाढली तर डॉक्टरांना दाखवा, लघवीचा संसर्गही असू शकतो.

प्रश्न : बाळ ३३व्या आठवड्यात झालं. घरी सोडताना वजन १ किलो ७०० ग्रॅम होतं. डॉक्टरांनी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, सांगितली आहे. आई म्हणते, एवढ्याशा जिवाला सारखं हाताळू नये. त्यापेक्षा मालिशवाली बाई लाव. (हडपसर)

उत्तर : आईचं अर्धं बरोबर आहे. सारखं उचलून ठेवण्याने बाळ दमतं, म्हणूनच एकदा छातीशी घेतलं की किमान तासभर हलवायचं नाही. दिवसभराचे मिळून आठ तास तरी व्हावेत, जास्त झाले तर उत्तमच. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. उभं धरून दोन स्तनांच्या मध्ये, छातीला छाती लावून ठेवा. मान एका कुशीला, हनुवटी किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले. जुन्या मऊ सुती साडीची पट्टी बाळाच्या कानाच्या खालपर्यंत घेऊन बांधा. तुम्ही टेकून, तिरप्या बसा. बाळाचं नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अडते. ओठ निळे पडले किंवा श्वास मध्येच थांबतोय असं वाटलं तर लगेच रुग्णालय गाठा.

कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली इन्क्युबेटर पुरेनात म्हणून ही पद्धत सुरू झाली. भारतासह पाच देशांतल्या एका मोठ्या चाचणीत, जन्मल्यावर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या १ ते १.८ किलोच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा बाबांनी शर्ट काढून बसावं, त्यांची छातीही तेवढीच ऊबदार असते. वजन अडीच किलोच्या आसपास गेलं की बाळ स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं, तेव्हा थांबा. जोरकस मालिश डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. धुरी तर नकोच.

प्रश्न : ऑफिसच्या प्रशिक्षणात सांगितलं की ९३ टक्के संवाद शब्दांविना होतो. खरं का? (बाणेर)

उत्तर : नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून हा आकडा आला. सुटे शब्द आणि ते उच्चारणाऱ्याचा सूर किंवा चेहरा विसंगत असेल तर त्याची आवड-नावड लोक कशावरून ओळखतात, एवढंच त्यात तपासलं होतं. ९३ टक्के संवाद खरंच शब्दांविना होत असता तर आवाज बंद करून बातम्या कळल्या असत्या.

प्रश्न : गणपतीत पाहुणे सहा वर्षांच्या मुलीचे गाल ओढतात, मांडीवर घेतात. ती आक्रसते. अडवलं तर उद्धटपणा होतो का? (सदाशिव पेठ)

उत्तर : होऊ द्या. पाहुणे यायच्या आधीच तिला विचारून ठेवा : नमस्कार, टाळी, की नुसतं लांबून हसायचं? पाहुण्यांनी हात पुढे केला की तुम्हीच मध्ये म्हणा, 'मावशी, आमच्याकडे सध्या टाळी चालते.' खांदे वर जाणं, हसू गोठणं, तुमच्या मागे सरकणं यांना नकारच समजा. 'अगं, आपलेच आहेत' हे मात्र बोलू नका. आपल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हा धडा तिथेच गिरवला जातो. एखाद्याच माणसाला ती सतत टाळत असेल तर सगळ्यांदेखत विचारू नका. रात्री झोपवताना विचारा आणि मधे न तोडता ऐका. शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.