गॅमा स्रोत दिसला, म्हणून उगम सापडला असं नाही

वैश्विक किरणांचा उगम शोधण्याच्या विषयात नव्याने आला आहेस, तर एक गोष्ट आधी पक्की कर: गॅमा किरण दिसले म्हणजे तिथे प्रोटॉनच वेग घेतायत, असं धरून चालू नकोस. वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, बहुतेक प्रोटॉनच; ते विद्युतभारित असतात, आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात त्यांची दिशा पार हरवते. गॅमा किरण म्हणजे अतिशय जास्त ऊर्जेचा प्रकाश, ते सरळ येतात, म्हणून तर आपण त्यांच्या मागे लागतो. पण वेगवान इलेक्ट्रॉनही कमी ऊर्जेच्या प्रकाशकणांना धडकून गॅमा किरण तयार करतात. क्रॅब तेजोमेघ, म्हणजे एका स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष, इतका ठळक स्रोत, पण तिथला बहुतेक गॅमा प्रकाश इलेक्ट्रॉनांचाच!

प्रोटॉनांची खूण कमी ऊर्जेकडे शोध. प्रोटॉन वायूवर आदळले की उदासीन पायॉन नावाचे अल्पजीवी कण बनतात, ते मोडून गॅमा किरण निघतात आणि वर्णपट (कोणत्या ऊर्जेला किती प्रकाश, याचा आलेख) सुमारे २०० एमईव्ही (ऊर्जेचं एकक) याच्या खाली झपकन उतरतो. फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या सुपरनोव्हा अवशेषांत (ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेल्या ढगांत) हाच उतार दिसला. ते आलेख सवडीने बघ, फार देखणे आहेत.

आणि हो, रेडिओ नकाशेही उघडत जा, दाट वायू कुठे आहे ते त्यांत दिसतं. स्रोताशेजारी दाट वायूच नसेल, तर प्रोटॉन आदळणार कशावर?