पन्नास दिवसांची वही

प्रिय बाळा,

प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो.

पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतच्या) पन्नास दिवसांत, रोज सकाळी तरुणांना फोनवर शुभवर्तमानाचं चिंतन पाठवायचं काम फादरांनी तुझ्यावर सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. "रोज नवीन काय लिहू?" असं तू विचारलं आहेस. नवीन काही आणायचंच नाही. उताऱ्यात जे लिहिलं आहे ते नीट बघायचं. चिंतनं फसतात ती बहुतेक तिथेच.

आधी एक वही घे आणि 50 पानांवर तारखा टाक. त्यात 8 रविवार येतात. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, रोजचा उतारा ठरलेला असतो. पहिल्या आठवड्यात चारही शुभवर्तमानांतले पुनरुत्थित प्रभूच्या दर्शनाचे उतारे आहेत. दुसऱ्या सोमवारपासून शेवटच्या शनिवारपर्यंत रोजचं वाचन योहानाचं असतं. मध्ये येणारे सण मात्र आधीच तपासून ठेव. 25 एप्रिलला संत मार्क, 3 मेला संत फिलिप आणि याकोब, 14 मेला संत मथिया. त्या दिवशी वाचन बदलतं. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी पाळायचा की पुढच्या रविवारी, हे धर्मप्रांताच्या कॅलेंडरवर बघ. नाहीतर मिस्सेत एक उतारा आणि फोनवर दुसराच, असं होतं.

लिहिण्याच्या आदल्या संध्याकाळी उतारा तीनदा वाच. पहिल्यांदा मोठ्याने. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघा मार. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि तोच प्रसंग घरातल्या कुणाला तरी सांगायचा. मग पुस्तक उघडून बघ, सांगताना काय सुटलं. जे सुटलं तिथेच बहुतेक वेळा चिंतन असतं, कारण ऐकणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोरून तेच निसटलेलं असतं. मग 200 शब्द लिही, त्याहून जास्त नको. सकाळी बसस्टॉपवर उभं राहून वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. शेवटी एका ओळीची प्रार्थना, तुझ्या रोजच्या बोलीत.

"आजच्या धकाधकीच्या जीवनात" हे शब्द वहीत येऊ देऊ नकोस. "आपणही तसंच करतो ना?" हेसुद्धा नको. असं वाक्य आलं की समजायचं, उतारा संपायच्या आत आपण उपदेशाकडे पळालो.

पहिल्या मंगळवारी योहान 20:11–18 येतं. तिथे कबरेजवळ मग्दालिया मरिया मागे वळते ती दोनदा. एकदा 14व्या ओवीत, तेव्हा समोर येशू उभा असूनही ती त्याला माळी समजते. पुन्हा 16व्या ओवीत, त्याने नावाने हाक मारल्यावर. आधीच त्याच्याकडे वळलेली बाई पुन्हा कुठे वळली? एवढ्या एका प्रश्नावर अख्खं पान लिही. तिला वेश्या मात्र म्हणू नकोस. तसं कुठल्याच शुभवर्तमानात नाही. लूक 8:2 मध्ये तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच आहे. दुसऱ्या रविवारी येणाऱ्या थोमा या शिष्याचंही तसंच. "बोट इकडे आण" असं प्रभू म्हणतो, पण थोमाने बोट लावलं असं योहान लिहीत नाही. आणि "यहूद्यांच्या भीतीने" दारं बंद होती हे लिहिताना आतले शिष्यही यहूदीच होते, हे ध्यानात ठेव. कुणा समाजाबद्दल राग पेरणारं वाक्य आपल्या हातून जाऊ नये.

बुधवारी अम्माऊसची वाट: यरुशलेमेहून त्या गावाकडे निघालेले दोन शिष्य आणि वाटेत सोबतीला लागलेला, त्यांनी न ओळखलेला प्रभू. अंतर साधारण 11 किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांची चाल. ते दोघं वल्हांडण सण आटोपून निघालेत. आपल्याकडे बहुतेक वर्षी ईस्टरच्या आगेमागेच जोतिबाची चैत्र यात्रा असते. यात्रेहून परतणाऱ्यांत अनोळखी माणूस सोबतीला लागतो आणि बोलणं सुरू होतं, यात कुणाला नवल वाटत नाही. म्हणून तर "यरुशलेमेत राहून तुलाच एकट्याला ठाऊक नाही का?" असं ते त्याला विचारतात. दोघांपैकी नाव फक्त क्लयपाचं दिलं आहे. दुसऱ्याला तू नाव देऊ नकोस, ती जागा वाचणाऱ्यासाठी मोकळी राहू दे.

दुसऱ्या आठवड्यातले योहानाच्या 3ऱ्या अध्यायाचे, निकदेम रात्री येशूला भेटायला येतो तिथपासूनचे, चार दिवस सोपे जातात. खरी दमछाक होते योहानाच्या 6व्या अध्यायात, कारण मधला रविवार सोडला तर आठ दिवस तोच अध्याय. रोज "येशू जीवनाची भाकर" लिहीत राहिलास तर चौथ्या दिवशी लोक वाचणं सोडतील. रोज एकाच माणसाकडे बघ. पहिल्या दिवशी तो मुलगा. पाच भाकरी चारही शुभवर्तमानांत आहेत, पण त्या जवाच्या होत्या आणि एका मुलाकडच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. जव म्हणजे तिकडचं गरिबाचं धान्य. शेवटच्या दिवशी पेत्राचं उत्तर घे: "आम्ही कोणाकडे जावं?"

पाचव्या आठवड्यातल्या बुधवारी द्राक्षवेल येईल. त्याआधी एप्रिलमध्ये तासगावकडे एखादी बाग बघून ये. खरड छाटणीत, म्हणजे उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीत, काडीवर एकच डोळा (कोंब फुटायची जागा) ठेवतात. बाग उघडी पडते, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्या, दिसतात. पण पुढच्या हंगामाचा घड ठरतो तो त्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत, उन्हाळ्यातच, कुणाला दिसण्याआधी. मग योहान 15:2–3 वाच. "छाटतो" आणि "शुद्ध" हे मूळ ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत, आणि शिष्य शुद्ध झाले ते "वचनामुळे", असं प्रभू म्हणतो. म्हणून कुणाच्या घरातल्या मरणाला किंवा आजाराला "देवाची छाटणी" म्हणू नकोस. वाचणाऱ्यांत नुकतंच कुणाला गमावलेलं माणूस असणारच. उताऱ्यात नसलेला घाव आपण त्याला देऊ नये.

योहानाचा 21वा अध्याय वाचनात तुटलेला आहे. किनाऱ्यावरचा कोळशांचा विस्तव पहिल्या शुक्रवारी येतो आणि "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रभूने पेत्राला केलेला प्रश्न सातव्या शुक्रवारी. कोळशाच्या विस्तवासाठीचा हा ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच आहे: इथे, आणि पेत्र नाकारायला उभा होता त्या अंगणात (18:18). पहिल्या शुक्रवारच्या पानावर कोपऱ्यात "विस्तव" एवढंच लिहून ठेव, सहा आठवड्यांनी लागेल.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, त्यामुळे सात चिंतनं आधीच लिहून हाताशी ठेव. पेन्टेकॉस्टचं पान मात्र कोरं ठेव. त्या दिवशीचा ठरलेला उतारा योहान 20:19–23, म्हणजे दुसऱ्या रविवारी वाचलेलीच बंद दारं. जुनं पान न उघडता नव्याने लिही, मग दोन्ही शेजारी ठेवून मला दाखव.

प्रभूमध्ये तुझाच,
एक सोबती
कोल्हापूर