सही कुठं करायची?

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. लातूरहून बी.फार्म. करून पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्यांचं रोजचं काम सांभाळणारी झालीस, मनापासून आनंद झाला. जीसीपीचं, म्हणजे अशा चाचण्या नीट कशा करायच्या त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं, सर्टिफिकेट हातात आहे, आता पुढचा कोर्स कोणता, असं विचारलं आहेस. ते लगेच सांगून टाकते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, ते कर. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि 2019 चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम मुळातून वाच, कुणाच्या स्लाइड्सवरून नको. जीसीपीची नवी आवृत्ती, ई6 (आर3), जानेवारी 2025 मध्ये अंतिम झाली. तुझं सर्टिफिकेट त्याआधीच्या आवृत्तीचं असेल तर नवी वाचून काढ.

मला लिहायचंय ते चाचणीत सहभागी होणाऱ्या माणसाच्या संमतीबद्दल.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका सरकारी रुग्णालयात आमची चाचणी सुरू होती. एक बाई दाखल झाल्या, वय पन्नाशीच्या आसपास, लिहिता-वाचता येत नव्हतं. मी माहितीपत्रक वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर त्यांनी विचारलं, "सही कुठं करायची? अंगठा चालंल ना?" बाहेर ओपीडीची रांग होती. मी उरलेलं भराभर वाचलं, अंगठा घेतला आणि साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. मावशी आल्या तोवर माझं वाचून संपलं होतं. फाइल चोख होती. मॉनिटर, म्हणजे चाचणीचे कागद तपासणारे, येऊन गेले, त्यांना एकही चूक सापडली नाही. तिसऱ्या व्हिजिटला त्या बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "ताई, आता नको म्हटलं तर खाट काढून घेतील का?"

म्हणजे इतके दिवस त्या खाटेपायी रक्त देत होत्या. मी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं, चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला लेखी कळवलं, पहिल्यापासून पुन्हा समजावलं. त्या बाई चाचणीत राहिल्या. पण पहिला अंगठा मी घेतला होता आणि तो होकार नव्हता.

नियम म्हणतो की सहभागी व्यक्तीला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार संमतीच्या संपूर्ण प्रक्रियेत हजर हवा. 'संपूर्ण' हा शब्द मी परीक्षेत बरोबर लिहिला होता. साक्षीदार कशासाठी, हे मात्र त्या बाईंनी शिकवलं. 'पटत नसेल तर नाही म्हणा, उपचार थांबणार नाहीत' हे वाक्य खरंच उच्चारलं गेलं का, हे ऐकणारा तिसरा माणूस खोलीत हवा. तो चाचणीच्या चमूतला नसावा. आणि माझ्या मते वॉर्डातल्या मावशीही नकोत, त्यांची नोकरी त्याच इमारतीत असते.

प्रशिक्षणात तुला न्यूरेम्बर्ग (नाझी डॉक्टरांच्या कैद्यांवरच्या प्रयोगांचा खटला) आणि टस्कीगी (अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसवर उपचार न देता केलेला अभ्यास) शिकवलं असेल. ते माहीत हवंच. पण खम्मम त्याहून जवळ आहे. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. एप्रिल 2010 मध्ये तो थांबवावा लागला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध असण्याची शक्यता फारशी दिसली नाही. पण संमतीचे कागद उघडल्यावर जे दिसलं ते संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात मांडलं. आंध्रमधल्या 9,543 अर्जांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या रेक्टरांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. 1,948 वर अंगठे होते. आश्रमशाळेत मुलगी ठेवली म्हणजे आईबापांनी तिच्यावरचा हक्क सोडला, असं कुणीतरी धरून चाललं होतं. लस वाईट नव्हती. तरीही या सह्यांमुळे तिच्यावरचा विश्वास बरीच वर्षं डळमळला, आणि त्याची झळ लस न मिळालेल्या मुलींनाच बसली. प्रत्येक नियम पाठ करताना त्याच्यामागे अशी कोणती माणसं उभी आहेत ते शोधत जा. मग तो विसरत नाही.

एक उदाहरण देते. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या, औषधाची चाचणी असेल आणि सहभागी व्यक्ती असुरक्षित गटातली, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकेल अशी असेल, तर संमतीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. पण औषध एचआयव्ही किंवा कुष्ठरोगावरचं असेल तर फक्त आवाज नोंदवायचा. का? कारण तो चेहरा उद्या गावात कुणी पाहिला तर त्या माणसाचं काय होईल, याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी केला. मला तो नियम वाचून त्या अनोळखी माणसांबद्दल आदर वाटला होता.

आता मराठीबद्दल, कारण तुझं खरं काम तिथे आहे. तुझ्याकडे येणारं मराठी माहितीपत्रक बहुधा इंग्रजीवरून केलेलं असेल. भाषांतर उलट इंग्रजीत करून तपासलेलं असतं, शिक्का असतो, सगळं असतं. तरी कुणाला कोणतं औषध मिळेल त्यासाठी त्यात 'यादृच्छिकरीत्या विभागणी' असं लिहिलेलं असेल, जे मलाही मोठ्याने म्हणताना अडखळायला होतं. 'लॉटरी' म्हणू नकोस, लॉटरीत बक्षीस लागतं. 'चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरही ठरवणार नाहीत' हे कळतं. प्लासिबोला 'खोटं औषध' म्हटलं की फसवणूक वाटते. 'दिसायला तशीच गोळी, पण तिच्यात औषध नाही' असं सांग. 10 मिली रक्त म्हणजे साधारण चहाचे दोन चमचे. चमचा बरोबर ठेव, दाखव.

मात्र छापील मजकूर स्वतःहून बदलायचा नाही. त्याला कमिटीची मंजुरी लागते. खटकणारे शब्द लिहून ठेव आणि डॉक्टरांमार्फत दुरुस्ती पाठव. कमिटीत कायद्याचा जाणकार असतो तसा एक सामान्य नागरिकही असावाच लागतो, विज्ञान न शिकलेला, आणि त्याच्याशिवाय कोरम होत नाही. माझ्या पाहण्यातल्या सर्वांत चांगल्या शंका त्याच खुर्चीतून आल्या आहेत.

आणि समजलं का, असं विचारू नकोस. सगळे 'हो' म्हणतात. "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?" असं विचार. मग जे ऐकशील त्यावरून कळेल की पुन्हा कुठून सुरुवात करायची.

एका गोष्टीचं दडपण तुझ्यावर नक्की येईल, म्हणून आत्ताच लिहिते. सहभागी व्यक्तीच्या बाबतीत गंभीर काही घडलं तर 24 तासांच्या आत चाचणीच्या मुख्य डॉक्टरांनी नियामक (सरकारी औषध नियंत्रक), प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं असतं. शनिवारी रात्री कुणीतरी म्हणेल, "औषधाशी संबंध दिसत नाही, सोमवारी बघू." संबंध ठरवायला सविस्तर अहवालाचे 14 दिवस आहेत. पहिल्या 24 तासांत फक्त कळवायचं. तू नोकरीत नवी आहेस, आवाज कापेल, तरी फोन कर. मोफत उपचार आणि भरपाई, दोन्ही त्या कळवण्यावर अवलंबून असतं. तेवढ्यावरून कुणी रागावलं तर मला सांग, मी बोलेन.

आता एक काम. 'चिठ्ठी टाकून औषध ठरेल' ही गोष्ट अर्ध्या पानात तुझ्या शब्दांत लिही. तुमच्या प्रोटोकॉलमधला, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यातला, एक शब्दही नको, तो गोपनीय आहे. दिवाळीला घरी जाशील तेव्हा ते पान आजीला मोठ्याने वाचून दाखव, आणि ती जिथे जिथे "म्हणजे काय गं?" म्हणेल तिथे पेन्सिलीने खूण कर. खुणा न पुसता पान माझ्याकडे पाठव.

तुझी,
ताई